प्राचीन ग्रीक लोकशाहीचा प्रात्यक्षिक संच: एका खेड्यातल्या वाचनालयाचा अभिप्राय

राळेगाव तालुक्यातल्या आमच्या गावी एक सार्वजनिक वाचनालय आहे. ते ‘ड’ वर्गाचे असल्यामुळे अनुदान जेमतेम, आणि पुस्तकांखेरीज काही घ्यायचे म्हटले की कार्यकारी मंडळाच्या बैठकीत दोन तास सहज जातात. तरीही गेल्या जूनमध्ये आम्ही ग्रीकांचे आरंभीचे कायदे आणि अथेन्समधील लोकशाहीचा उगम या विषयावरचा एक प्रात्यक्षिक संच टपालाने मागवला. किंमत १,८५० रुपये, टपालखर्च वेगळा. जुलै-ऑगस्टमधल्या सहा रविवारी तो वापरून पाहिला. आठवी ते दहावीची मुले, अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे तरुण, बचत गटाच्या काही बाया आणि डवरणी उरकून पावसाच्या उघडिपीची वाट पाहणारे चार-पाच वृद्ध शेतकरी, असा आमचा वर्ग होता. काही तक्रारी असल्यामुळे विक्रेत्याचे नाव येथे देत नाही; त्या त्याला पत्राने कळवल्या आहेत.

पेटीत छत्तीस पानांची मराठी पुस्तिका, चार भित्तिपत्रके, जाड पुठ्ठ्याचे सोडत-यंत्र, पन्नास नावपट्ट्या, काळ्या-पांढऱ्या गोळ्या, न्यायदानाच्या वीस चकत्या, प्लास्टिकचे जलघड्याळ, खापरांच्या आकाराचे तीस पुठ्ठे, लाल दोरीचे एक गुंडाळे आणि प्रसंग सांगणारी दहा कार्डे आहेत. पुस्तिकेची भाषा शुद्ध आहे, पण ‘लोकशाहीची पहाट’, ‘स्वातंत्र्याचा सूर्य’ अशा शब्दांनी पहिली सहा पाने खर्ची पडली आहेत. ती पाने वगळून थेट वस्तूंकडे वळावे, हा माझा पहिला सल्ला.

वस्तूंमध्ये सोडत-यंत्र सर्वांत उत्तम आहे. अथेन्सकर याला ‘क्लेरोतेरिऑन’ म्हणत. मूळ यंत्र संगमरवरी शिळेचे. तिच्यावर खाचांच्या उभ्या रांगा आणि कडेला वरून खाली जाणारी एक नळी असे. अथेन्सच्या बाजारचौकात उत्खननात सापडलेला असा एक तुकडा तेथील संग्रहालयात आहे. न्यायमंडळात बसू इच्छिणारा प्रत्येक नागरिक आपली नावपट्टी खाचेत बसवण्यासाठी देई. मग नळीतून एकेक गोळी खाली सोडली जाई. पांढरी पडली की पहिल्या आडव्या ओळीतले सगळे निवडले गेले, काळी पडली की त्या ओळीतले सगळे घरी. नंतर दुसरी ओळ, तिसरी ओळ. कोणाची ओळ कोणत्या गोळीला येईल हे कोणालाच ठाऊक नसल्यामुळे न्यायाधीशांना आधी गाठून ठेवणे अशक्यप्राय होते, आणि सगळा खटाटोप त्यासाठीच होता.

आमच्या वर्गाला हे समजावून सांगावे लागले नाही. सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत तहसीलमध्ये निघते, तेव्हा बरणीतली चिठ्ठी लहान मुलाच्या हाताने काढतात, हे येथे सर्वांनी पाहिलेले किंवा ऐकलेले आहे. आणि दोन उमेदवारांना सारखी मते पडल्यावर काढावयाच्या चिठ्ठीला तर आपण ‘ईश्वरचिठ्ठी’ असे देखणे नावच देऊन ठेवले आहे. फरक एवढाच की आपण चिठ्ठीने प्रवर्ग ठरवतो किंवा बरोबरी सोडवतो, अथेन्सकर चिठ्ठीने माणूस नेमत. पाचशे जणांच्या परिषदेचे सभासद, न्यायमंडळी आणि बहुतेक अधिकारी सोडतीने येत. सेनापती मात्र हात वर करून निवडले जात. निवडणूक ठेवली की नावाजलेली आणि पैसेवाली घराणीच पुढे येतात, असा त्यामागे हिशेब होता. सोडत लोकशाहीची आणि निवडणूक अल्पजनसत्तेची खूण मानली जाते, असे ॲरिस्टॉटलनेही नोंदवले आहे. अभ्यासिकेतल्या मुलांना हे वाक्य उलटे छापले गेले असावे असे वाटले. पुस्तिकेत ते स्पष्ट करणारा एकही परिच्छेद नाही.

याहून मोठी उणीव अशी की सोडतीला जोडलेल्या दोन चाळण्यांचा पुस्तिकेत उल्लेखच नाही. सोडतीने आलेल्या माणसाची पदावर बसण्यापूर्वी तपासणी होई. तो खरोखर नागरिक आहे काय, आईवडिलांशी नीट वागतो काय, असे प्रश्न त्याला विचारले जात. पद सोडताना पै-पैचा हिशेब द्यावा लागे आणि त्या वेळी कोणीही तक्रार करू शकत असे. परिषदेवर आयुष्यात दोनदाच बसता येई. हे न सांगता नुसते यंत्र फिरवले तर सगळा प्रकार मटक्यासारखा दिसतो, आणि पहिल्या रविवारी तो तसाच दिसला. दुसऱ्या रविवारी मी या गोष्टी फळ्यावर लिहून दिल्यावर एका निवृत्त कोतवाल काकांनी विचारले की हिशेब न देणाऱ्याचे काय होत असे. हिशेब होईपर्यंत त्याला देशाबाहेर जाता येत नसे आणि मालमत्ताही विकता येत नसे, हे ऐकून ते बराच वेळ मान हलवत राहिले.

यंत्राची बांधणी मात्र आमच्याकडच्या पावसाळ्याचा विचार करून केलेली नाही. जुलैच्या दमट हवेत पुठ्ठ्याची नळी फुगली आणि गोळ्या अडकू लागल्या. तिच्या जागी वीज-फिटिंगच्या पाइपचा वीतभर तुकडा लावला, आणि गोळ्यांच्या जागी मुलांचे कंचे घेतले. तेव्हापासून यंत्र बिनतक्रार चालते.

नावपट्ट्यांविषयी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. अथेन्समधल्या पट्टीवर माणसाचे नाव, बापाचे नाव आणि गावाचे नाव असे. हे गावाचे नाव इ.स.पू. ५०८-०७ मध्ये क्लेइस्थेनीस या अथेनी पुढाऱ्याने केलेल्या फेररचनेतून आले. त्याने अथेन्सचा मुलूख १३९ गाव-वाड्यांमध्ये धरून त्यांचे किनारपट्टी, आतला भाग आणि शहर अशा तीन विभागांत तीस गट पाडले, आणि प्रत्येक विभागातला एकेक गट घेऊन दहा नव्या जमाती बनवल्या. प्रत्येक जमातीचे पन्नास सभासद, म्हणून परिषद पाचशेची. किनाऱ्यावरचा कोळी, डोंगराकडचा शेतकरी आणि शहरातला कारागीर एकाच जमातीत आल्यामुळे जुन्या घराण्यांचे आपापल्या भागावरचे वजन ढिले पडले. संचातले भित्तिपत्रक क्रमांक दोन याच रचनेचे आहे आणि तीन रंगांत ते इतके नेटके केले आहे की जिल्हा परिषदेचे गट आणि पंचायत समितीचे गण यांच्या हद्दी कशा आखतात यावरची चर्चा त्यासमोर पाऊण तास चालली. आमच्या मुलांनी पट्ट्यांवर आडनावे लिहिली नाहीत, फक्त नाव, वडिलांचे नाव आणि टोला किंवा वस्ती. ते मी सुचवलेले नव्हते.

चकत्यांचा प्रयोग बचत गटाच्या बायांनी उचलून धरला. न्यायमंडळातल्या प्रत्येकाला आस असलेल्या दोन काशाच्या चकत्या मिळत. एकीचा आस पोकळ, दुसरीचा भरीव. पोकळ चकती फिर्यादीच्या बाजूची, भरीव आरोपीच्या बाजूची. आसाची दोन्ही टोके अंगठा आणि बोट यांनी झाकून धरली की कोणती चकती कोणत्या हातात आहे हे शेजाऱ्याला दिसत नसे. मोजायची चकती काशाच्या भांड्यात, उरलेली लाकडी भांड्यात टाकायची. संचातल्या चकत्या लाकडी आहेत, आस गुळगुळीत आहे, आणि बोटांत त्या अगदी चपखल बसतात. एक मावशी कितीतरी वेळ ती चकती बोटांत फिरवत राहिल्या आणि म्हणाल्या, “मॅडम, ग्रामसभेत हात वर केला का कोण्या बाजूनं केला थे सारं गाव पाह्यते. ह्या चकतीनं तं नवऱ्यालेबी कळत नाही.” मग त्यांनीच दारूबंदीच्या मतदानाची आठवण काढली, उभी बाटली आणि आडवी बाटली या दोन चिन्हांतली आडवी बाटली निवडताना पडद्याआड कोणी नव्हते म्हणून हात थरथरला नाही, असे त्या म्हणाल्या. अथेन्समध्येही हाच भेद होता: लोकसभेत, म्हणजे सर्व नागरिकांच्या सभेत, हात वर करून मत देत, न्यायालयात गुप्तपणे. पुस्तिका हे दोन्ही सांगते, पण वेगवेगळ्या पानांवर, त्यामुळे वाचणाऱ्याला ते जोडता येत नाही.

येथेच हेही नोंदवले पाहिजे की अथेन्समध्ये या मावशींना ती चकती हातातच मिळाली नसती. स्त्रिया, गुलाम आणि परदेशातून येऊन राहिलेले रहिवासी यांना मत नव्हते, आणि इ.स.पू. ४५१-५० नंतर आई व वडील दोघेही अथेनी असल्याशिवाय नागरिकत्वही मिळत नसे. या सर्वांसाठी पुस्तिकेत एकच वाक्य आहे, तेही ‘तथापि’ने सुरू होणारे. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांतल्या निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. अशा राज्यात विकायच्या संचात हे एक वाक्य पुरेसे नाही.

लाल दोरीने सर्वांत जास्त करमणूक झाली. लोकसभेला वेळेवर न जाता बाजारचौकात गप्पा मारत बसलेल्यांना लाल रंगात भिजवलेल्या दोरीने सभेच्या जागेकडे, प्निक्स टेकडीकडे, हाकत, आणि ज्याच्या कपड्यावर डाग पडे त्याचे पितळ उघडे पडे. मुलांनी दोरी गेरूच्या पाण्यात बुडवून पानठेल्यापासून वाचनालयापर्यंत ताणली आणि तिघांची बंडी रंगवली. मूळचा रंगही लाल मातीचाच, म्हणजे हा प्रयोग पुस्तिकेतल्या चित्रापेक्षा अस्सल ठरला. काही ठरावांना तेथे सहा हजारांची उपस्थिती लागे. आपल्याकडे ग्रामसभेच्या गणपूर्तीला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल ती पुरते, आणि तहकूब झालेल्या सभेला तीही अट नाही. ही तुलना एका विद्यार्थ्याने केली, आणि त्यानंतर त्याच्या वडिलांनी, जे स्वतः सदस्य आहेत, विषय बदलला.

जलघड्याळाविषयी थोडक्यात. बाजारचौकात सापडलेले मूळ मातीचे भांडे सुमारे ६.४ लिटरचे असून ते रिकामे व्हायला सहा मिनिटे लागतात. वक्त्याचा वेळ अशा भांड्याने मोजत. संचातले भांडे प्लास्टिकचे, लहान, आणि आमच्या बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने त्याचे छिद्र तिसऱ्या आठवड्यात बुजले. कुंभाराकडून छिद्र पाडलेला माठ आणला.

खापरांचे पुठ्ठेही बाजूला ठेवावेत. फुटका माठ किंवा जुने कवेलू आणि एक खिळा कोणत्याही घरी मिळतो, आणि खापरावर खिळ्याने नाव कोरताना हाताला जे जाणवते ते पुठ्ठ्यावर स्केचपेनने लिहून जाणवत नाही. अथेन्सकर नकोशा पुढाऱ्याचे नाव खापरावर कोरून मत देत; एकूण सहा हजार खापरे जमली तर सर्वाधिक नावे ज्याची, त्याला दहा वर्षे गाव सोडावे लागे. मालमत्ता मात्र शाबूत राही. पहिला असा हद्दपार इ.स.पू. ४८८-८७ मधला, कार्मोसचा मुलगा हिप्पार्कोस. कार्डावर ॲरिस्टिडीस हा पुढारी आणि त्याला न ओळखता त्याच्याकडूनच खापरावर त्याचे नाव लिहून घेणारा निरक्षर शेतकरी यांची परिचित गोष्ट दिली आहे आणि ती चांगली सांगितली आहे. परंतु त्याहून बोलका पुरावा गाळला आहे: अक्रोपोलिस या अथेन्समधल्या टेकडीच्या उत्तर उतारावरच्या एका विहिरीत थेमिस्टोक्लीस या पुढाऱ्याचे नाव लिहिलेली १९० खापरे सापडली, आणि त्यांवरची अक्षरे मोजक्याच हातांची आहेत. म्हणजे कोणीतरी आधीच लिहून वाटण्यासाठी तयार ठेवलेली. हे सांगताच मागून एकाच वेळी तिघे म्हणाले, “पॅनल!”

आता कार्डांकडे येते, कारण माझा मुख्य आक्षेप तेथे आहे. दहा कार्डांपैकी चार पेरिक्लीस या इ.स.पू. पाचव्या शतकातल्या पुढाऱ्याच्या काळाची आहेत आणि त्याच्या आधीच्या सोलोन या कायदेकर्त्याच्या वाट्याला एक. खेड्यात हा संच वापरणाऱ्याला हे प्रमाण नेमके उलटे हवे. आमच्या सहा रविवारांपैकी दोन त्या एका कार्डावर गेले.

इ.स.पू. ५९४ मध्ये सोलोनला अधिकार मिळाला तेव्हा अथेन्सच्या गरीब शेतकऱ्यांची स्थिती अशी होती की बरेच जण दुसऱ्याच्या जमिनीवर सहाव्या हिश्शाच्या कराराने राबत होते. सहावा हिस्सा द्यायचा होता की ठेवायचा होता, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. बटई करणाऱ्या आमच्या एका काकांनी मात्र क्षणात निकाल दिला की सहाव्यावर कोणी जगत नाही. कर्ज काढताना तारण म्हणून स्वतःचे शरीर लावले जाई. फेडता आले नाही की कर्जदार गुलाम होई, त्याची मुलेबाळेही, आणि काहींना परमुलखात विकले गेले. सोलोनने ही कर्जे रद्द केली, विकलेल्यांना परत आणले, आणि जमिनीत गाडलेले खुणेचे दगड उपटले. काळ्या मायभूमीला आपण मोकळी केली, असे त्याने स्वतःच्या कवितेत लिहिले आहे.

कार्ड याला ‘कर्जमाफी’ म्हणते आणि तेवढ्यावर थांबते. तेथेच चूक आहे. २००८, २०१७ आणि २०१९ अशा तीन कर्जमाफ्या या वर्गातल्या बहुतेकांनी पाहिल्या आहेत. सातबारा कोरा होतो आणि पुढच्या खरिपाला पुन्हा भरतो, हे त्यांना कोणी शिकवायला नको. सोलोनच्या कृतीला ग्रीक शब्द ‘सेइसाख्थिया’, म्हणजे ओझे झटकून टाकणे. पण तो नुसते जुने ओझे झटकून थांबला नाही. यापुढे कोणाही कर्जदाराचे शरीर तारण घेता येणार नाही, असा त्याने नियम केला. माफी एका वर्षापुरती असते, तारणाचा नियम पुढच्या प्रत्येक कर्जाला लागू होतो. ॲरिस्टॉटलच्या नावावर असलेल्या अथेन्सच्या राज्यव्यवस्थेवरील ग्रंथात सोलोनच्या तीन गोष्टी सर्वांत लोकाभिमुख म्हणून सांगितल्या आहेत: शरीर तारण न ठेवणे, अन्याय झालेल्याच्या वतीने कोणाही नागरिकाला दाद मागता येणे, आणि अधिकाऱ्याच्या निकालावर लोकन्यायालयात अपील. त्यांतली पहिली कर्जाची आहे, हे कार्ड लिहिणाऱ्याच्या नजरेतून सुटले. जमिनीचे फेरवाटप मात्र त्याने केले नाही, आणि त्यामुळे दोन्ही बाजू त्याच्यावर नाराज झाल्या. तो दहा वर्षांसाठी देश सोडून गेला.

याच ग्रंथात आलेली एक गोष्ट मी कार्डाच्या मागे हाताने लिहून ठेवली आहे. कर्जे रद्द होणार ही बातमी सोलोनच्या काही मित्रांना आधी कळली; त्यांनी भराभर कर्ज काढून जमिनी घेतल्या आणि नंतर श्रीमंत म्हणून मिरवले. सोलोन त्यात सामील होता, यावर ग्रंथकाराचा विश्वास नाही. आमच्या वर्गात मतदान घ्यावे लागले, आणि चकत्यांनी सोलोनला थोडक्या मतांनी सोडले. योगायोगाची गोष्ट अशी की या ग्रंथाची जी पपायरसाची प्रत इजिप्तमधून मिळून १८९१ मध्ये लंडनला छापली गेली, ती एका शेतीच्या जमाखर्चाच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहिलेली आहे.

कार्डावरच्या चित्रातही दोष आहे. अक्षरे कोरलेला दगड दाखवून खाली ‘सोलोनने उपटलेला दगड’ असे लिहिले आहे. तारणाची अक्षरे असलेले जे दगड सापडले आहेत ते इ.स.पू. चौथ्या शतकातले आणि त्यानंतरचे आहेत. तसेच सोलोनच्या आधीचा कायदेकर्ता ड्रॅको याच्या कार्डावर ‘सर्व गुन्ह्यांना मृत्युदंड’ हे मोठ्या अक्षरांत आहे. त्याचे कायदे रक्ताने लिहिले होते, हे वचन नंतरच्या काळातले. त्याच्या कायद्याचा जो भाग इ.स.पू. ४०९-०८ मध्ये पुन्हा दगडावर कोरला गेला आणि आज वाचता येतो, तो हेतू नसताना घडलेल्या हत्येविषयी आहे आणि त्याची शिक्षा हद्दपारी आहे. मृताचे वडील, भाऊ आणि मुलगे यांनी सर्वांनी मिळून क्षमा करायची. एकाचाही विरोध असला तर तो विरोधच चालणार. हे बारकावे ‘क्रूर ड्रॅको’ या मथळ्यापेक्षा कितीतरी अधिक गुंतवून ठेवतात.

क्रीट बेटाचा तर संचात पत्ताच नाही. ग्रीकांचा दगडावर कोरलेला सर्वांत जुना उपलब्ध कायदा अथेन्सचा नसून क्रीटमधील ड्रेरोस या लहानशा गावाचा, इ.स.पू. सातव्या शतकातला आहे. ‘गावाला असे पसंत पडले’ अशा अर्थाने तो सुरू होतो, आणि सांगतो काय, तर ‘कोस्मोस’ या प्रमुख पदावर एकदा बसलेल्याने दहा वर्षे पुन्हा त्यावर बसू नये. बसला तर त्याने लावलेला दंड दुपटीने त्याच्याकडूनच वसूल व्हावा. क्रीटमधल्याच गोर्टिन येथील इ.स.पू. पाचव्या शतकातल्या मोठ्या कायद्यात मुलाला दोन वाटे आणि मुलीला एक, असे वारसाचे प्रमाण आहे. गोर्टिनच्या ओळी एक डावीकडून उजवीकडे तर पुढची उजवीकडून डावीकडे जातात. या लिहिण्याच्या पद्धतीला ग्रीक नावच ‘बैल वळतो तसे’ अशा अर्थाचे आहे. फळ्यावर तशा चार ओळी काढून दाखवल्यावर एक आबाजी म्हणाले, “तास पुरा झाला का धुऱ्यावर वळतेच ना बैल.” संच बनवणाऱ्याला ग्रामीण शाळा हे गिऱ्हाईक हवे असेल, तर एवढे एक कार्ड त्याने पुढच्या आवृत्तीत घालावे.

खरेदीविषयी: माध्यमिक शाळा आणि ज्यांच्याकडे अभ्यासिका आहे अशी वाचनालये यांनी संच जरूर घ्यावा, एकट्या वाचकाला त्याचा उपयोग नाही, कारण किमान पंधरा-वीस हात लागतात. यंत्र, चकत्या आणि दोन क्रमांकाचे भित्तिपत्रक यांसाठीच किंमत वसूल होते. सुटे भाग मिळत नाहीत, असे विक्रेत्याने उत्तरात कळवले आहे. कार्डांतल्या चुकांविषयी उत्तर आलेले नाही. पेटी आता वाचनालयातल्या मासिकांच्या कपाटावर आहे. आसपासच्या गावांतल्या वाचनालयांना ती आठवड्यासाठी नेता येईल. पाइपचा तुकडा आणि कंचे आत आहेत, माठ ज्याने त्याने आणावा.